खंजिरी भजनांच्या कॅसेट: एमपी३ पुरे की फ्लॅकच हवं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील नागपूरच्या महाल भागातल्या एका भजनी मंडळात होते. मंडळाने स्वतःच रेकॉर्ड केलेल्या शे-दीडशे कॅसेट घरात आहेत, त्यांत बहुतेक खंजिरी भजनं. त्या आता कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत. एक मित्र सांगतो, सेकंदाला ३२० किलोबिटचं एमपी३ कर, माणसाच्या कानाला फरक कळतच नाही. दुसरा सांगतो, फ्लॅक (आवाजातलं काही न टाकता फाइल लहान करणारा प्रकार) केलं नाहीस तर सगळं वाया, आणि सोबत एक चांगला महागातला डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी पेटी) घे. या दोघांत खरं कोणाचं?

रेकॉर्डिंग आणि मास्टरिंग (तयार रेकॉर्डिंगवर फिरवलेला शेवटचा हात) हेच माझं काम, त्यात जुन्या टेपचंही बरंच काम माझ्याकडे येतं. म्हणून आधी निकाल सांगून टाकतो. पहिला मित्र ऐकण्यापुरता जवळजवळ बरोबर आहे. दुसरा जपण्यापुरता पूर्ण बरोबर आहे, डॅकच्या बाबतीत मात्र नाही. पण तुमच्याकडे जे आहे ते नेमकं असं संगीत आहे की जिथे एमपी३ सर्वांत आधी अडखळतं. त्यामुळे नेहमीचं छापील उत्तर तुम्हाला लागू पडत नाही.

फ्लॅकचा भाग सोपा आहे, तो आधी संपवतो. सीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, प्रत्येक मोजणी १६ बिटची, डावा आणि उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला की सेकंदाला १,४११ किलोबिट होतात, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. फ्लॅक यातलं काहीही टाकून देत नाही. आधीच्या काही मोजण्यांवरून पुढची किती येईल याचा तो अंदाज बांधतो आणि अंदाज जेवढा चुकला तेवढाच आकडा लिहून ठेवतो. दुकानदाराने वहीत रोजची पूर्ण शिल्लक न मांडता कालच्यापेक्षा किती वाढली-घटली एवढंच लिहावं, तसं. आकडे लहान होतात, जागा कमी लागते, आणि परत बेरीज केली की मूळ रक्कम पैशापैशाने जुळते. जोश कोलसन यांनी २००१ मध्ये फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती दिली. ॲपलचं ॲलॅक याच जातीचं आहे. फ्लॅकमध्ये ० ते ८ अशा पातळ्या असतात, त्यांचा आवाजाशी काहीही संबंध नाही. ८ वर फाइल जरा लहान होते आणि बनायला जरा जास्त वेळ लागतो, इतकंच. वेव्ह (न दाबलेली मूळ फाइल) आणि फ्लॅक यांच्या आवाजात फरक ऐकू येतो असं सांगणारे लोक भेटतील. फ्लॅक उलगडून मूळ वेव्हशी बिट-बिट ताडून पाहा, दोन्ही सारखेच निघतात. तिथे कानाचा प्रश्नच उरत नाही.

एमपी३ ची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून ते आकाराला आलं, १९९३ मध्ये त्याचं मानक छापलं गेलं. त्यामागचा विचार आवाजापेक्षा कानाबद्दलचा आहे. एखादा मोठा स्वर चालू असताना त्याच्या शेजारच्या कंपनसंख्येतला बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. मोठा आवाज थांबल्यावरही काही क्षण, साधारण १०० ते २०० मिलिसेकंदांपर्यंत, कान मागून येणाऱ्या बारीक आवाजांना दाद देत नाही. आणि मोठा आवाज येण्याच्या अगदी आधीच्या काही मिलिसेकंदांतलं बारीकसारीकही तो गिळून टाकतो. एमपी३ या झाकल्या जाणाऱ्या जागा शोधतं आणि तिथला आवाज ओबडधोबडपणे मोजतं. ओबडधोबड मोजल्यामुळे तिथे एक प्रकारची खरखर तयार होते, पण ती मोठ्या स्वराच्या आड राहते. म्हणूनच १,४११ चे ३२० किलोबिट होऊनही चांगलं गाणं चांगलंच वाटतं. ही काही फसवणूक नाही. विसाव्या शतकातल्या श्रवणशास्त्राचा हा फार सुंदर उपयोग आहे, आणि एमपी३ ला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी मी त्यासाठी वाद घालतो.

आता खंजिरीकडे येऊ. विदर्भात खंजिरी भजन म्हटलं की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आठवतात, आणि ती थाप आपल्यापैकी कित्येकांच्या कानात लहानपणापासून बसलेली आहे. आवाजाच्या दृष्टीने ती थाप म्हणजे काय? एका मिलिसेकंदाच्या आसपास शांततेतून एकदम शिखर. चामड्यावरचा टणत्कार आणि त्याच क्षणी कड्यातल्या धातूच्या चकत्यांचा किणकिणाट, जो वरच्या कंपनसंख्यांपर्यंत पसरलेला. एमपी३ आवाजाचे तुकडे करून काम करतं. लांब तुकड्याची खिडकी साधारण २६ मिलिसेकंदांची असते. तुकड्याच्या शेवटी शेवटी थाप पडली, तर ओबडधोबड मोजणीची खरखर त्या पूर्ण खिडकीभर पसरते, म्हणजे थापेच्या आधीसुद्धा. कान थापेच्या आधीचे फक्त काही मिलिसेकंद झाकतो, २०-२५ झाकत नाही. परिणाम असा की थाप पडायच्या आधीच एक बारीक ‘फस्’ ऐकू येतो आणि थापेची धार जाते. याला पूर्वप्रतिध्वनी म्हणतात. यावर उपाय म्हणून एमपी३ मध्ये लहान खिडक्याही आहेत, ९ मिलिसेकंदांच्या आसपास. अशी धारदार जागा आली की एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर, त्यांवर जातो. पण लहान खिडकीत बिट जास्त खर्च होतात, आणि द्रुत लयीत खंजिरी, टाळ, चिपळ्या, मधूनच ‘गुरुदेव हमारा प्यारा’चा सामूहिक घोष आणि टाळ्या असं सगळं एकत्र आलं की १२८ किलोबिटमध्ये बिट पुरत नाहीत. श्रोत्यांच्या टाळ्या हा तर एमपी३ चा जुना शत्रू आहे, कारण त्या म्हणजे शेकडो छोट्या थापाच.

त्यात भर कॅसेटच्या सुसकाऱ्याची. टेपची जी सततची ‘स्स्स’ असते तिला ना सूर असतो ना आकार. एन्कोडरला ती टाकता येत नाही, कारण भजनाच्या दोन ओळींच्या मधल्या शांततेत ती स्पष्ट ऐकू येते. आणि जपायची म्हटली तर बिट खाते. १२८ किलोबिटवर हाच सुसकारा पाण्यात बुडबुडे आल्यासारखा गुरगुरायला लागतो. म्हणजे खंजिरी, टाळ्या आणि टेपचा आवाज, एमपी३ ला जड जाणाऱ्या तिन्ही गोष्टी तुमच्या एकाच कॅसेटमध्ये आहेत.

याचा अर्थ ३२० वरही ते ऐकू येईल का? बहुतेकांना नाही. ‘लेम’ हा एमपी३ चा मोफत एन्कोडर वर्षानुवर्षं घासूनपुसून इतका चांगला झाला आहे की ३२० वर, किंवा त्याच्या व्ही० या बदलत्या बिटदरावर, मूळ आणि एमपी३ यांत फरक ओळखणं सरावलेल्या कानालाही फार थोड्या जागी जमतं. त्या थोड्या जागा बहुतेक वेळा थापेच्याच असतात. १९२ वर निवडक जागा सापडतात. १२८ वर खंजिरी आणि टाळ सरावाने बऱ्यापैकी ओळखता येतात, एकटा हार्मोनियम आणि गळा असेल तर तिथेही अवघड जातं. शिवाय १९९९ चं १२८ आणि आजचं १२८ एक नव्हे. सुरुवातीच्या काळातले काही एन्कोडर लहान खिडक्या वापरतच नसत. ज्यांनी तेव्हा एमपी३ ऐकून कायमचं मत बनवलं त्यांचं मत त्या एन्कोडरबद्दल खरं होतं, आजच्याबद्दल नाही. एएसी आणि २०१२ मध्ये आलेलं ओपस हे नंतरचे प्रकार तर कमी बिटमध्ये एमपी३ पेक्षा बरंच चांगलं काम करतात.

माझ्या शब्दावर जाऊ नका, दोन मित्रांच्याही नाही. स्वतः चाचणी घ्या, पण डोळ्याआड. कोणती फाइल वाजते आहे हे माहीत असलं की कान मनाचं ऐकतो, हे माझ्या स्टुडिओत येणाऱ्या उत्तम गवयांच्या बाबतीतही मी पाहिलं आहे. फूबार२००० हा मोफत प्लेअर घ्या, त्यात एबीएक्स चाचणीचं वेगळं प्लगइन बसवा. तो तुम्हाला अ आणि ब उघड ऐकवतो, मग क्ष ऐकवतो आणि विचारतो, हा अ की ब? सोळा वेळा उत्तर द्या. सोळापैकी बारा बरोबर आले तर नुसत्या अंदाजाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे, म्हणजे बहुधा तुम्हाला खरोखर ऐकू येतं आहे. नऊ-दहा बरोबर आले तर ते नाणेफेकीसारखंच समजा. किती फेऱ्या करायच्या ते आधी ठरवा. मनासारखा आकडा आला की थांबायचं, असं केलं तर चाचणीला अर्थ राहत नाही.

दोन अटी पाळा. एक, सगळ्या फाइली एकाच मूळ वेव्हमधून स्वतः बनवा. एमपी३ एकीकडून आणि फ्लॅक दुसरीकडून आणलं तर तुम्ही कदाचित दोन वेगळ्या मास्टरिंगची तुलना करत बसाल. एकाच जुन्या गाण्याची आधीची सीडी आणि नंतरची रीमास्टर केलेली आवृत्ती यांत जो फरक असतो तो एमपी३-फ्लॅकच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. दुसरी अट आवाजाच्या पातळीची. दोन्हींतली पातळी डेसिबलच्या दहाव्या भागाइतकी जुळलेली हवी. एक डेसिबलहून कमी फरकसुद्धा ‘हे मोठं वाजतंय’ असा कळत नाही, ‘हे जास्त चांगलं वाजतंय’ असा कळतो. प्लेअरमध्ये पातळी जुळवायची सोय आहे, ती चालू ठेवा.

आणि ही चाचणी मे महिन्यात करू नका. आपल्याकडे पारा ४५ वर असताना खिडकीतला कूलर पंखा आणि पंपासकट दिवसरात्र चालू असतो. त्या आवाजात तंबोऱ्याच्या जवारीची शेवटची आस बुडते, तिथे एमपी३ चा फरक काय ऐकणार? डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, पंखे बंद, चांगल्या बंदिस्त हेडफोनवर बसा. वर्धा रोडवर गाडी चालवताना ऐकणाऱ्यासाठी १९२ आणि फ्लॅक एकच. ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. फोनमध्ये फ्लॅक असलं तरी फोन ते हवेतून पाठवताना पुन्हा दाबतो. नेहमीच्या एसबीसी पद्धतीत ते ३२८ किलोबिटच्या आसपास येतं, सोनीच्या एलडॅकमध्ये जास्तीत जास्त ९९०. त्यामुळे फ्लॅकची चाचणी तारेच्या हेडफोनवरच.

ऐकायचं काय, तेही सांगतो, कारण पूर्ण गाणं ऐकून फरक सापडत नाही. दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडा आणि तोच फिरवत राहा. थापेची सुरुवात टोकदार आहे की किंचित भिजल्यासारखी? टाळ्यांत वेगवेगळे हात ऐकू येतात की नुसता पाऊस? गायकाचा ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ सुटतो की त्याला शेपूट येतं? टाळाचा निनाद सलग विरतो की हलत-डुलत, भोवरे घेत? एकदा १२८ वर हे दोष ओळखायला शिकलात की १९२ वरही सापडायला लागतील. म्हणूनच नुसती गाण्याची मजा घेणाऱ्यांना मी ही सवय लावून घ्यायचा सल्ला देत नाही. ती परत जात नाही.

वयाचाही मुद्दा निघतो. पन्नाशीनंतर १४-१५ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेकांना ऐकू येत नाही, आणि १२८ चं एमपी३ साधारण १६-१७ किलोहर्ट्झवरचं कापतं. त्यावरून काकांना काय फरक कळणार, असं कोणी म्हणेल. पण कापलेला वरचा भाग हा एमपी३ चा सर्वांत निरुपद्रवी दोष आहे. थापेची भिजलेली धार मधल्या कंपनसंख्यांतही असते, आणि आयुष्यभर खंजिरी वाजवलेल्या साठीच्या माणसाला ती विशीतल्या मुलाआधी कळू शकते. मंडळातले कोणी जुने वादक असतील तर त्यांना चाचणीला बसवा.

एका चुकीच्या पुराव्यापासून सावध करतो. काही जण मूळ फाइलमधून एमपी३ वजा करतात आणि उरलेला आवाज ऐकवून म्हणतात, बघा, हे सगळं तुमच्याकडून हिरावलं गेलं. तो आवाज भयंकर वाटतो, खरखरीत, गाण्याच्या सावलीसारखा. पण तो एकटा ऐकवला म्हणून तसा वाटतो. गाण्यासोबत तो झाकलेलाच होता, आणि झाकलेला राहील अशाच जागी तो ठेवला होता. या पद्धतीने एमपी३ वाईट आहे हे सिद्ध होत नाही.

पण हाच प्रयोग एक दुसरी गोष्ट मात्र दाखवतो, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाची ती नस आहे. झाकणारा स्वर बाजूला केला की खरखर उघडी पडते. एमपी३ हे शेवटच्या कानासाठी बनवलेलं असतं. यानंतर या आवाजाला कोणी हात लावणार नाही, सरळ ऐकणार, असं ते गृहीत धरतं. तुमच्या कॅसेटच्या बाबतीत हे गृहीत खोटं आहे. उद्या तुम्ही सुसकारा कमी कराल, तेव्हा तो ज्या गोष्टी झाकत होता त्या वर येतील. भजन मंद ऐकू येतं म्हणून गळ्याचा पट्टा उचलाल, तेव्हा शेजारची खरखरही उचलली जाईल. नातू खंजिरीचे बोल शिकायला तीच फाइल अर्ध्या वेगाने लावेल, तेव्हा १० मिलिसेकंदांचा पूर्वप्रतिध्वनी २० चा होईल. गळा वेगळा आणि वाद्यं वेगळी काढणारी सॉफ्टवेअर आता सर्रास मिळतात. एमपी३ मधून काढलेला गळा त्यांतही पाण्यातून आल्यासारखा निघतो. जुन्या पद्धतीने डाव्यातून उजवा वजा करून कराओके बनवायचा प्रयत्न केलेल्यांनी हे ऐकलेलं असेल. एमपी३ अनेकदा दोन्ही बाजूंचा सामाईक भाग नीट आणि फरकाचा भाग काटकसरीने साठवतं, त्यामुळे वजाबाकीनंतर उरतो तो बुडबुड्यांचा आवाज. दहा वर्षांनी आवाज दुरुस्त करायची काय साधनं येतील ते आज कोणालाच ठाऊक नाही. त्यांना कच्चा माल पूर्ण मिळायला हवा. म्हणून मूळ प्रत फ्लॅकच. ३२० चं एमपी३ ऐकायला कितीही गोड लागलं तरी मूळ प्रत म्हणून नाही.

एमपी३ मधून पुन्हा एमपी३ करणं, मग त्याचा व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकणं, तिथून कोणी उतरवून घेणं, या प्रत्येक पायरीला खरखर साचत जाते. यूट्यूब तुमचा आवाज स्वतः पुन्हा दाबतंच, म्हणून तिथे पाठवायचं तेही फ्लॅक किंवा वेव्हमधून बनवलेलं असावं. आणि तुमच्या जुन्या संग्रहातल्या ‘३२०’ लिहिलेल्या फाइलींवर फार विसंबू नका. यूट्यूबवरचा आवाज साधारण १२८ ते १६० किलोबिटचा असतो, तो ३२० मध्ये उतरवून देणारी साइट फक्त फाइल फुगवते. एमपी३ चं फ्लॅक करूनही गेलेलं परत येत नाही. असं बनावट फ्लॅक ओळखायला स्पेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. १६ किलोहर्ट्झवर पट्टीने आखल्यासारखी सपाट रेघ आणि वर काळोख दिसला तर संशय घ्यावा. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वरचा भाग मुळातच कमी असतो, पण तो हळूहळू विरत जातो, रेघेवर कापलेला नसतो.

उंच रिझोल्यूशनबद्दल फार बोलत नाही. २४ बिट, ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ ऐकण्यासाठी हवं का? मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या उंच रिझोल्यूशनच्या डिस्कचा आवाज थेट, आणि तोच सीडीच्या दर्जातून काढून, डोळ्याआड ऐकवला. ५५४ फेऱ्यांत बरोबर उत्तरं ४९.८ टक्के आली. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा आकडा ५२.३ टक्के निघाला, खास सराव दिलेल्या लोकांत बराच जास्त. म्हणजे सराव नसलेल्यांसाठी, असलाच तर, फरक फार पुसट. रेकॉर्ड करताना मात्र २४ बिट घ्या, कारण त्यात पातळी खाली ठेवायला भरपूर जागा मिळते. १६ बिटची ९६ डेसिबलची झेप कॅसेटच्या ५०-५५ डेसिबलपेक्षा मुळातच मोठी आहे, तरीही वर मोकळी जागा असलेली बरी. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर एका तासाची वेव्ह १ जीबीच्या आसपास होते, फ्लॅक त्याहून बरंच कमी. दीडशे कॅसेट एका टेराबाइटच्या डिस्कमध्ये आरामात बसतील. जागा वाचवायला एमपी३ करायचं कारण आता उरलेलं नाही.

आता डॅक. घेऊ नका. ते पैसे कॅसेट डेकच्या दुरुस्तीत घाला. मला आश्चर्य वाटतं ते याचं की फ्लॅक की एमपी३ यावर लोक रात्र रात्र वाद घालतात आणि डेकचा हेड तिरका आहे हे पाहत नाहीत. हेडची फट टेपला बरोबर काटकोनात नसेल तर वरचा सगळा आवाज जातो, ६४ किलोबिटच्या एमपी३ लाही लाजवेल इतका जातो. यालाच अझिमथ म्हणतात. घरगुती रेकॉर्डिंगमध्ये गंमत अशी की ज्या टू-इन-वनवर कॅसेट भरली त्याचा हेड जसा तिरका असेल तसाच तिरकेपणा टेपवर उतरतो. म्हणून प्रत्येक कॅसेटसाठी, कधी कधी प्रत्येक बाजूसाठी, हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू पुन्हा जुळवावा लागतो. हेडफोनवर दोन्ही चॅनल एकत्र करून, म्हणजे मोनो करून ऐका आणि स्क्रू अगदी किंचित फिरवा. चकत्यांचा किणकिणाट जिथे सर्वांत उजळ होतो ती जागा बरोबर. धुळकट पडद्याआडचं भजन असं एकदम समोर येतं तेव्हा तुम्हालाच कळेल की खरा फरक कुठे होता. आधी हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॅसेट एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या, आतली छोटी फेल्टची गादी निघाली नाही ना ते पाहा. पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर उन्हाळे काढलेल्या टेपवर एका वेटोळ्याचा आवाज शेजारच्या वेटोळ्यावर उमटलेला असतो, उष्णतेने ते वाढतं. भजन सुरू व्हायच्या आधी त्याची पुसट चाहूल ऐकू येते ती यामुळे. फिरवून घेतल्याने ती थोडी कमी होते. तिला एमपी३ चा दोष समजू नका.

डॉल्बी (सुसकारा कमी करणारी सोय) असलेला डेक असेल तर या कॅसेटसाठी बंद ठेवा, टू-इन-वनवर भरलेल्या टेपमध्ये डॉल्बी नसतं. लाइन आउटमधून साध्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी पेटी) घ्या, सर्वांत मोठी थाप उणे ६ ते उणे १० डेसिबलच्या आत राहील इतकी पातळी ठेवा. टू-इन-वन रेकॉर्ड करताना आवाज आपोआप कमी-जास्त करत असे, त्यामुळे प्रत्येक थापेनंतर गळा दबून पुन्हा वर येताना ऐकू येईल. तो टेपवरच आहे, मूळ प्रतीत तसाच राहू द्या. मूळ प्रतीवर सुसकारा काढणं, कापणं, पातळी वाढवणं, काहीही करू नका. जे करायचं ते दुसऱ्या प्रतीवर.

फ्लॅकचा आणखी एक फायदा फार थोडे लोक सांगतात. प्रत्येक फाइलच्या आत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा (आवाजावरून काढलेला तपासणीचा आकडा) लिहिलेला असतो. पाच वर्षांनी डिस्कवर एक बिट जरी बिघडला तरी फ्लॅकच्या तपासणीत लगेच कळतं. वेव्हमध्ये ही सोय नाही. शिवाय गाणाऱ्याचं नाव, गाव, वर्ष, खंजिरीवर कोण, हे सगळं देवनागरीत फाइलच्या आतच लिहिता येतं. कॅसेटच्या कव्हरवर वडिलांच्या अक्षरात जे लिहिलं आहे ते शब्दशः तिथे उतरवा, कव्हरचा फोटोही आत ठेवता येतो.

प्रती तीन ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी तळमजल्यांत शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ज्यांची कॅसेट आणि डिस्क एकाच कपाटात, एकाच खालच्या खणात होती, त्यांचं दोन्ही गेलं असणार.

ऐकण्यासाठी आणि मंडळींना वाटण्यासाठी मात्र खुशाल एमपी३ करा. फ्लॅकची एक प्रत घ्या, हवा तर सुसकारा हलका कमी करा, सर्वांत मोठी थाप शून्याच्या एक डेसिबल खाली ठेवा, कारण एमपी३ होताना शिखरं थोडी वर जातात आणि फाटू शकतात. मग लेमने व्ही० वर काढा. रेकॉर्डिंग मोनोच असेल, बहुतेक असेलच, तर मोनोच एमपी३ करा, म्हणजे सगळे बिट एकाच चॅनलच्या वाट्याला येतील. व्हॉट्सॲपवर पाठवताना स्पीकरवर वाजवून व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून पाठवू नका, तो अगदी कमी बिटमध्ये दाबला जातो. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, ती जशीच्या तशी पोचते.

सुरुवात कमी महत्त्वाच्या कॅसेटने करा, बाजारातून घेतलेली एखादी चालेल. स्क्रूचा हात बसला, पातळी कळली की मंडळाच्या सर्वांत जुन्या टेप काढा. आणि या हिवाळ्यातच काढा, टेपला अजून एक उन्हाळा माळ्यावर काढायला लावू नका.